विश्रामबागेत घंटा दिसते

गुरुवार, ४ मार्च १९९९. पुण्याहून निघालो सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी. ठरले होते सहा. उपस्थित: (१) मी, विजया करमरकर, वय सत्तेचाळीस, आमच्या छोट्या कारखान्यात चाचणी आणि भांडार हे दोन्ही विभाग सांभाळते, (२) निनाद बापट, अभियंता, वय तीस, हुशार, बोलताना ओठ हलवत नाही, (३) सर्जेराव, गाडीचा चालक, मूळचा माण तालुक्यातला, (४) पेटी.

पेटीबद्दल आधी सांगते, कारण हा प्रवास तिच्यासाठीच होता. दिसायला ती व्हीसीआरची धाकटी बहीण. टीव्हीखाली ठेवायची. तिला दोन कामं येतात. केबलमधून आलेली डिजिटल पानं ती पडद्यावर उलगडते: एसटीच्या वेळा, हळदीचे भाव, प्रश्नमंजूषा. रिमोट दाबून आपल्याला हवं ते पान उघडायचं. दुसरं काम आमचं खास. घरातल्या विजेच्या तारांमधूनच पेटी छोट्या डब्यांशी बोलते. डबी प्लगसारखी भिंतीत खोचायची आणि तिच्यात दिवा लावा, पंखा लावा, नाहीतर दारावरची घंटा जोडा. रिमोटवर 'घर' नावाचं बटण आहे. ते दाबलं की घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी पडद्यावर येते आणि खुर्चीतून न उठता दिवा लावता येतो. दारावरची घंटा वाजली की चालू कार्यक्रमाच्या वर निळी पट्टी येते: 'दारात कोणी आले आहे.'

ती निळी पट्टी मी कारखान्यात पहिल्यांदा पाहिली आणि मला एकच माणूस आठवलं, मालूताई. माझी थोरली मावसबहीण, त्रेसष्ट वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. सांगलीला विश्रामबागेत छोट्याशा बंगलीत एकटी राहते. गेल्या सहा वर्षांत तिचे दोन्ही कान गेले. ओळखीच्या माणसाचे ओठ ती वाचते, बाकीच्यांना पाटी आणि खडू देते. जानेवारीत तिची मुलगी वृंदा मुंबईहून पहाटे न कळवता आली. चाळीस मिनिटं घंटा दाबली. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडून आत गेली, तर आई चहा घेत शब्दकोडं सोडवत बसलेली. वृंदा त्या दिवशी जी घाबरली ती घाबरलीच. तिनं ठरवलं की आईनं आता मुंबईला यायचं. रविवार, ७ मार्च, परतीची दोन तिकिटं. मालूताईनं मला पत्रात लिहिलं होतं, 'मुलगी प्रेमानं नेते आहे, म्हणून भांडताही येत नाही. पण मला माझ्या मागच्या अंगणात राहायचं आहे.'

मालकांना तीन निरनिराळ्या घरांत चाचणी हवी होती: एक वाईला, एक खेड्यात, एक शहरात. तिसरं घर मी निवडलं. माझ्या यादीत पहिलीच ओळ होती: रविवारपर्यंत मालूताईला घंटा दिसली पाहिजे.

वाई, गुरुवार

वाईचा केबलवाला शिंदे आमची वाटच पाहत होता. त्याच्या घरी वरच्या मजल्यावर नियंत्रण कक्ष आणि खाली त्याचे वडील अण्णा. चाचणी अण्णांच्या टीव्हीवर. बापटनं अर्ध्या तासात पेटी जोडली, डब्या खोचल्या, पानं दिसू लागली. मग तो वर शिंदेकडे गेला आणि मी बाहेरून नीट घंटा वाजवून, पाहुण्यासारखी आत आले.

अण्णा उठले, "या, या," म्हणाले आणि खट्कन टीव्ही बंद केला.

"अण्णा, टीव्ही चालू राहू द्या ना, तोच बघायला आलोय," मी म्हटलं.

"बघू की. आधी बसा. पाणी घ्या. पुण्याची मंडळी आली आणि आपण टीव्ही बघत बसायचं, हे बरं दिसतं का?"

पाणी आलं. चहा आला. चहानंतर स्ट्रॉबेरी आल्या, महाबळेश्वरच्या उतारावरून सकाळीच उतरलेल्या, दुधात चुरलेल्या. अण्णा टीव्ही लावायला आमच्या निघण्याची वाट पाहत होते आणि आम्ही निघायला टीव्ही लावण्याची. पाऊण तासानं शिंदे खाली येऊन ओरडला, "अहो अण्णा, हे पाहुणे नाहीत, कामाची माणसं आहेत!" अण्णांनी मान हलवत टीव्ही लावला आणि पुढचा सगळा वेळ त्याच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत राहिले. पुण्यात आमच्याकडे पाहुणा आला तर आम्ही फक्त आवाज कमी करतो, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

वहीत मी लिहिलं: 'वाई, सर्व ठीक. विलंब ४५ मि., कारण आदरातिथ्य.' खरं म्हणजे या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तिथंच दिसली होती आणि ती मी विलंबाच्या रकान्यात टाकून मोकळी झाले.

जेवण भरल्या वांग्याचं. निघताना अण्णांनी स्ट्रॉबेरीची करंडी दिली, ती सर्जेरावनं सपाट जागा बघून पेटीवर ठेवली. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला उतरलो तेव्हा खोक्यातून गुलाबी थेंब गळत होते. सुदैवानं आत प्लास्टिक होतं. बापटचा चेहरा मात्र पांढरा पडला तो पुसेगाव येईपर्यंत तसाच होता.

माण, शुक्रवार

दुसरं घर सर्जेरावच्या थोरल्या भावाचं, दहिवडीच्या पलीकडे एका वस्तीवर. भाऊ मुंबईत हमाली करतो. घर, शेत आणि साठ मेंढरं सर्जेरावची हौसावहिनी सांभाळते. इकडचा रस्ता मला आवडला. हिरवं काही नाही, पण डोळ्यांना आडवं येणारंही काही नाही. काढलेल्या ज्वारीच्या कडब्याच्या गंजी, बाभळी आणि लांबवर एकटाच चालणारा माणूस पंधरा मिनिटं दिसत राहतो.

हौसावहिनीचा टीव्ही मुंबईहून आलेला. रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबर. इथं केबल नाही, म्हणून नमुन्याची पानं पेटीत भरूनच आणली होती. डबी लावली मेंढरांच्या वाड्यातल्या दिव्याला. घरात बसून रिमोट दाबला की पलीकडे वाड्यात उजेड. बापटनं दाबून दाखवलं. हौसावहिनी हसली ती हसतच सुटली.

"आगं बया! म्हंजी लांडगा आला तर मला उठाया नगं? हितनंच डोळं वटारायचं?"

"व्हय वैनी," सर्जेराव म्हणाला, "पर लांडग्याला टीव्ही दिसला तर बसंल की हितंच बघत."

"बसूं दे. तुमच्यापरीस गुमान बसंल."

मग जेवण. बाजरीची भाकरी, डाळकांदा, ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा. तो चहा मी पहिल्यांदाच प्यायले. दुसरा कप मागून घेतला. जेवणानंतर मुख्य चाचणी. बापटनं रिमोट हातात घेतला, 'घर' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. घड्याळ लावून सांगते, पुढचा एक तास दहा मिनिटं बापट पेटीशी झगडला. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. मग पेटी पाठमोरी करून मागून उघडली. इंग्रजी पुस्तिका काढली, मिटली, पुन्हा काढली. पेटीत दोष निघाला असता तर सांगलीला न्यायला आमच्याकडे दुसरी नव्हती. मी वहीत 'पुण्याला परत?' असं लिहून प्रश्नचिन्हावर दोनदा गिरवलं.

शेवटी बापटनं पेटी झाकून पुसायला फडकं उचललं, तशी हौसावहिनी पुढं धावली.

"आवं दादा, त्येच्या कपाळाला हात नगा लावू! मघाशीच वाहिलंया."

मी वाकून पाहिलं. पेटीच्या दर्शनी बाजूला मधोमध एक छोटी गडद काच असते. रिमोटचा इशारा तिथून आत जातो. बापट तिला डोळा म्हणतो. आम्ही हात धुवायला बाहेर गेलो होतो तेवढ्यात वहिनीनं नवी वस्तू घरात आली म्हणून पेटीला ओवाळलं होतं आणि बरोबर त्या काचेवर हळद, हळदीवर कुंकू आणि कुंकवावर दोन तांदूळ दाबून बसवले होते. दुसरं कुठं लावणार? सगळ्या पेटीत कपाळ म्हणावं अशी तीच एक जागा होती.

"वहिनी, हा डोळा आहे त्याचा," मी सांगितलं.

तिनं जीभ चावली. "मंग कपाळ कुठं म्हनायचं ह्याचं?"

बापटनं पेटी चारही बाजूंनी फिरवून पाहिली. मग त्यानं डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथं आत काही नाही." वहिनीनं ओल्या पदरानं डोळा पुसला आणि नव्या जागी पुन्हा हळदकुंकू लावलं. रिमोट पहिल्या झटक्यात चालला. वाड्यातला दिवा लागला, मेंढरं बें करून उठली.

जोडणीच्या यादीत मी क्रमांक सातवर लिहिलं: 'कुंकू लावण्याची जागा: डावीकडे वर. जोडतानाच दाखवणे.' बापटला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी यादीत चेष्टा करत नाही.

सांगली, शनिवार

सकाळी अकराला विश्रामबागेत पोचलो. मालूताई फाटकातच उभी होती, गळ्यात दोरीनं बांधलेली पाटी. मला म्हणाली, "दहा वाजता येणार होतीस." आमच्या घराण्यात याद्या कुठून आल्या हे आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.

पहिला शोध घंटेचा घ्यावा लागला. तिच्या दारावरच्या घंटेचं बटण सापडेना. घंटा वाजवून उपयोग नाही म्हणून लोकांनी ती वाजवणंच सोडलेलं. शेजारच्या पाटीलवहिनी मागच्या अंगणातून येतात, दूधवाला खिडकीच्या गजावर किटली ठेवून जातो. दिवाळीत रंगाऱ्यानं बटणावरून सरळ पिवळा रंग फिरवला होता. सर्जेरावनं चाकूनं ते खरवडून काढलं.

दुपारी एकपर्यंत सगळं जोडून झालं. सांगलीच्या केबलवाल्यानं आमच्यासाठी एक वाहिनी आठवडाभर मोकळी ठेवली होती. ताटलीभर भडंग पुढ्यात घेऊन मालूताईनं रिमोट चालवायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत तिला तो माझ्यापेक्षा बरा येऊ लागला. हळदीचे भाव बघितले, मिरजेच्या एसट्या बघितल्या, प्रश्नमंजूषा उघडली.

"चौथ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "यांना कळवायचं कुठलं बटण?"

बापटनं पाटीवर लिहिलं: 'अजून नाही. पुढे होईल.'

"म्हणजे हा नुसता बोलतो. ऐकत नाही. माझ्यासारखाच," मालूताई म्हणाली आणि खूश होऊन हसली.

मग खरी चाचणी. आमच्या कानांची मदत नको, म्हणून तेवढ्यापुरता घंटेचा आवाज तोडून ठेवला. माझी योजना अशी: आधी पाटीलवहिनींनी घंटा वाजवायची, त्यांना आत घेऊन बसवलं की पाच मिनिटांनी बापटनं वाजवायची. पाटीलवहिनींनी बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी. मालूताई ताडकन उठली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं घंटेला उठून दार उघडलं. पाटीलवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता पुढच्या दारानं येत जाईन हो मी, साडी बदलून!" त्या म्हणाल्या. मालूताईनं त्यांना हाताला धरून कोचावर बसवलं, पाणी दिलं आणि वळून खट्कन टीव्ही बंद केला.

अण्णांसारखाच. त्याच हातानं, त्याच झटक्यात.

आम्ही तिघी गप्पांत रंगलो. वीस मिनिटांनी मला बापटची आठवण झाली. दार उघडलं तर तो मार्चच्या उन्हात उभा, घामानं डबडबलेला.

"अरे, आत का नाही आलास?"

"तुमच्या यादीत लिहिलंय, दार उघडेपर्यंत थांबणे. मी नऊ वेळा वाजवली."

टीव्ही बंद, म्हणून पट्टी नाही. शिवाय मालूताई भिंतीवरचं बटण बंद करते आणि त्याच बटणावर आमची पेटी. म्हणजे पेटीही झोपलेली. आणि हा काही पाहुण्यांपुरता प्रश्न नव्हता. मालूताई दिवसात टीव्ही लावते बातम्यांपुरता, संध्याकाळी अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास घंटा आंधळीच राहणार. कारखान्यात टीव्ही सदैव चालू असतो, त्यामुळे आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

बापटनं तोडगा काढला, एक चिठ्ठी टीव्हीवर चिकटवायची: 'टीव्ही बंद करू नये.' मालूताईनं ती वाचली आणि चष्मा वर केला.

"माझ्या घरात मला सूचना? आणि माणूस समोर बसलेलं असताना टीव्ही चालू ठेवू? मी समोरच्याचे ओठ वाचते रे बाबा. बाजूला चित्रं हलायला लागली की मला माणूस ऐकू येत नाही."

हे तर मला सुचलंही नव्हतं. मी इतकी वर्षं त्याला रीत समजत होते. तिच्यासाठी ती ऐकण्याची सोय होती.

चार वाजले. वृंदा उद्या सकाळी सातला पोचणार. बापट पेटीपुढे मांडी घालून बसला. मी वहीत उपाय लिहीत होते आणि खोडत होते: मोठा भोंगा, खोडला. खुर्ची हलवणारी मोटर, बापटनंच खोडली. सर्जेराव म्हणाला, "दाराला एक कुत्रं बांधा. त्ये आत यिऊन पदर वडंल." हा उपाय मी खोडला नाही, कंसात ठेवला.

संध्याकाळी सव्वासहाला वीज गेली. अजून उजेड होता, त्यामुळे आम्हाला दिवाणखान्यात बसून कळलंही नाही. पण मालूताई आतल्या ओट्याशी आमच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती, ती लाटणं ठेवून लगेच वळली आणि काडेपेटी घेऊन देवघराकडे गेली.

"तुला कसं कळलं?" मी तिच्यासमोर उभी राहून विचारलं.

"काय कसं कळलं? देवाचा दिवा गेला ना."

तिच्या देवघरात लाल रंगाचा झिरोचा बल्ब आहे. दिवसरात्र चालू. देवघर घराच्या मधोमध. ओट्यावरून, कोचावरून, पलंगावरून दिसतं. "बघावं लागत नाही गं," ती म्हणाली, "तो गेला की घराचा रंगच बदलतो. डोळे मिटलेले असले तरी कळतं."

मी बापटकडे पाहिलं. तो आधीच उठला होता, हातात मेंढरांच्या वाड्यातून काढून आणलेली डबी.

वीज सात वाजता आली. पेटीला भिंतीवर स्वतःचं वेगळं बटण दिलं. टीव्ही बंद असो, चालू असो, पेटी जागी. घंटा वाजली की पेटी तारांतून डबीला सांगणार, डबी झिरोचा दिवा मिचकावणार. बापटनं पाटीवर लिहिलं: 'तीन वेळा?'

"तीन नको," मालूताई म्हणाली. "वीज जायच्या आधी दिवा कधी दोनदा, कधी तीनदा असाच मिचकावतो. पाचदा कधीच नाही. मी मोजलंय. पाच ठेव."

"देवाचा दिवा आहे, चालेल ना?" मी विचारलं.

"वीज मंडळ रोज विझवतं, त्याला कुठं विचारतेस? इथं निदान कोणी आल्यावर तरी मिचकावेल."

पाटीलवहिनींनी सात वेळा घंटा वाजवली. मालूताई सातही वेळा उठली: ओट्यावरून, पलंगावरून, एकदा मुद्दाम भिंतीकडे तोंड करून. सर्जेरावनं कुत्र्याचा प्रस्ताव मागं घेतला.

सांगली, रविवार

वृंदा सातला येणार होती, आली पावणेसातला. आम्ही बेसावध. मी आणि बापट आत चहा घेत होतो. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. वृंदा कोणालाही न सांगता परीक्षा घेणार हे मला माहीत होतं, म्हणून मी बापटला बजावलं, दार आपण उघडायचं नाही.

घंटा वाजली. देवघरातला दिवा पाच वेळा मिचकावला, अगदी देखणा. पण घरात बघायला होतं कोण? मालूताई मागच्या अंगणात कढीपत्ता तोडत होती.

त्या दोन मिनिटांत मी हातातला कप घट्ट धरून बसले होते. उठून दार उघडणं किती सोपं होतं! पण मी उघडलं असतं तर मालूताई रात्री मुंबईच्या गाडीत बसली असती. घंटा पुन्हा वाजली. पुन्हा पाच. बापट पुटपुटला, "अंगणात एक डबी हवी होती." आणि तेवढ्यात मालूताई मुठीत कढीपत्ता घेऊन मागच्या दारातून आत आली. तिसऱ्यांदा घंटा वाजली. तिनं देवघराकडे पाहिलं, मनात पाच मोजले, ओठ हलताना मला दिसले, आणि शांतपणे जाऊन दार उघडलं.

"आई, मी तीन वेळा वाजवली!" वृंदाचा आवाज रागाचा होता, डोळे नव्हते.

"मी मागे होते. कानांनी धड असलेली माणसंसुद्धा मागे असली की तीनदा वाजवावी लागते. तुझ्या सासूबाईंना विचार."

वृंदा हसली. मग पिशवी खाली ठेवून आईला मिठी मारली, आणि मग स्वतः बाहेर जाऊन आणखी सहा वेळा घंटा वाजवून आली. मुलगी गणिताच्या शिक्षिकेची, एका उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

जेवायला मालूताईनं पुरणपोळी केली. दुपारी वृंदानं दुसरी अट घातली. "ठीक आहे, दारातलं माणूस कळलं. पण मी मुंबईत बसून काय करू? फोन केला तर तुला वाजलेला कळत नाही. कळला तरी मी काय बोलते ते ऐकू येत नाही. तू सकाळी उठलीस की नाही, हे मी कोणाला विचारू?"

"दोन रिंगा दे आणि ठेव," मालूताई म्हणाली. "तू कॉलेजला पुण्याला होतीस तेव्हा द्यायचीस तशा."

मला ती पद्धत चांगली आठवत होती. गावाला पोचलं की कोपऱ्यावरच्या बूथमधून फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि पलीकडून उचलायच्या आत ठेवायचा. दोन रिंगा म्हणजे सुखरूप. आमच्या अर्ध्या नातेवाइकांचं संभाषण वर्षानुवर्षं असंच चाललं.

फोनच्या तारेला हात लावायचा तर परवानगी लागते. ती रविवारी दुपारी कुठून आणणार? बापटनं तार न छेडता काम केलं. आवाज टिपणारी एक छोटी चकती फोनच्या पोटाला चिकटपट्टीनं लावली. फोन जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा दिवा मिचकावेल. दाराचे पाच, वृंदाचे दोन. पाटीलवहिनींच्या घरून फोन करून बघितला, चालला.

वृंदानं एक तिकीट पर्समधून काढून माझ्याकडे दिलं. "मावशी, हे तूच फाड. माझ्यानं होणार नाही." मी फाडलं नाही, वहीत ठेवलं. ती रात्रीच्या गाडीनं एकटी गेली. जाताना आईला म्हणाली, "उद्या सकाळी सातला. दोन."

सोमवार, ८ मार्च

सातच्या आधीच आम्ही सगळे देवघरासमोर. सामान गाडीत भरलेलं, तरी सर्जेरावसुद्धा चपला काढून उंबऱ्याशी उभा. मालूताईनं पेटीला आंघोळीनंतर हळदकुंकू वाहिलं होतं, डावीकडे वरच्या कोपऱ्यात. जागा मी आल्या आल्याच दाखवली होती, यादीप्रमाणे.

सात वाजले. सात वाजून पाच. सात वाजून अकरा. फोन वाजला. दिवा मिचकावला, एक. पुन्हा, दोन. आणि थांबला. आम्ही तिसऱ्याची वाट पाहिली. तिसरा आला नाही.

"पोचली," मालूताई देवाला म्हणाली.

सर्जेरावनं टाळ्या वाजवल्या. बापटनं नाक शिंकरलं आणि सर्दी झाली म्हणाला. मालूताईनं प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. मग ती माझ्याकडे वळली आणि नुसत्या जिज्ञासेनं, वर्गात फळ्यापाशी उभी असावी तशी, म्हणाली, "आता मला कळलं, हे तिला कसं कळणार?"

मी वही उघडून शक्यता मांडू लागले. ती नंबर फिरवू शकते. पण पलीकडे वाजतो आहे, की लागलाच नाही, हे तिला ऐकू येणार नाही. दोन रिंगा झाल्या, आता ठेवावा, हे कशावरून ठरवणार? रोज उठून पाटीलवहिनींना फोन करायला सांगणं तिला नको आहे. पेटीत याची सोय आहे, निदान नकाशात आहे. आम्ही तिला परतीचा मार्ग म्हणतो. मागच्या बाजूला त्यासाठी एक भोकही ठेवलं आहे, टेलिफोनची तार खोचायला. रिमोटचं एक बटण दाबायचं, पेटीनं मुंबईला दोन रिंगा द्यायच्या, पोचल्या की दिव्यानं सांगायचं. त्याच वाटेनं चौथ्या प्रश्नाचं बरोबर उत्तरही पाठवता येईल.

बापटनं पाटी मागून घेतली आणि लिहिलं: 'मी करतो.' तारीख लिहिली नाही. मी लिहायला लावली, तर खडू तिथंच थांबला.

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. यादीत सव्वीस कामं होती. पंचवीस झाली: वाईच्या अण्णांना आभाराचं पत्र, हौसावहिनीला नवी डबी, मालूताईच्या मागच्या अंगणात दिव्याची तार, सगळी. सकाळी सातला, अकरा मिनिटं इकडेतिकडे, विश्रामबागेत दिवा रोज दोनदा मिचकावतो आणि मुंबईत वृंदा रोज फोन ठेवून क्षणभर तशीच उभी राहते, असं तिनं मला कळवलं आहे. क्रमांक सव्वीस: परतीचा मार्ग. पुढचा चौकोन रिकामा आहे. त्या भोकावर अजून रबरी बूच आहे.